पांढरीवरची हजेरी

इकडे ये गं पोरी, अशी जवळ बस. उंबऱ्याशी पाहुणीसारखी काय टेकलीस? सख्ख्या मावशीचं घर आहे हे. आज मी बोलणार आणि तू ऐकून घेणार. पाखरं बघायला तू कुठं कुठं जातेस. कच्छला जाऊन आलीस, भरतपूरला जाऊन आलीस, मला मोबाइलमध्ये एकेक पाखराचा फोटो मोठा करून दाखवलास. आणि मावशीच्या गावी येतेस ती कुणाच्या लग्नाला नाहीतर दहाव्याला. हात धुता धुता विचारतेस, मावशी, शिरपूरची बस किती वाजता? किती वर्षं मी सांगत होते, एकदा राहायला ये, सुपडूआबांबरोबर एक सकाळ चाल. तुला सवड झाली नाही. आता आबाच नाहीत. म्हणून निदान ते कसे होते ते तरी ऐक, आणि मधे मधे घड्याळ बघू नकोस.

सुपडूआबा डोळे मिटून चालायचे. सगळी वाट नाही. आपल्या घरापासून शेवटच्या शेतापर्यंत माणसासारखे चालायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करायचे, कुणाची म्हैस व्याली विचारायचे. शेतं संपून खडकाळ बरड सुरू झालं की मात्र डोळे मिटले. मान डाव्या खांद्याकडे जराशी कललेली, काठी पाठीमागे कमरेवर आडवी, आणि पाय आपले चालतायत. पंचाहत्तरीच्या घरातला माणूस, पण बरडावरच्या त्या दगडगोट्यांत त्यांना ठेच लागलेली मी कधी पाहिली नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, की आबा, पाखरं बघायला आलो ना आपण, मग डोळे मिटून कसं दिसायचं? तर म्हणाले, "डोया लबाड शेतस, अक्का. जे दखानं ऱ्हास तेच दखतस. कान खरा शे." म्हणजे डोळ्यांना जे बघायचं असतं तेवढंच ते बघतात, कान तसं करत नाहीत.

तुझ्या पाखरांच्या पुस्तकात असला माणूस नसेल. आबांनी जन्मभर पाखरं हाकलायचं काम केलं. आपल्याकडे दादर पेरतात, रब्बीची ज्वारी, पांढरी टपोरी. ती हुरड्यात आली की काढणीपर्यंत पहाटेपासून राखण लागते. गावातल्या निम्म्या दादरीची राखण आबांकडे असायची. मचाणावर बसून गोफण फिरवायचे. गोफणीत दगड कधी घातला नाही, मातीचं ढेकूळ घालायचे, तेही पाखरांच्या डोक्यावरून पलीकडे. "गोफन आवाज कराले शे, जीव लेवाले नही," असं म्हणायचे. गोफणीच्या दोरीचा नुसता फटकारा काढला की भोरड्यांचा अख्खा थवा एखादी चादर झटकावी तसा उठायचा.

आणि बरडाकडच्या बाजूचे शेवटचे दोन तास, म्हणजे ज्वारीच्या शेवटच्या दोन ओळी गं, ते राखायचेच नाहीत. तिथं पाखरं खुशाल बसायची. एका शेतकऱ्यानं त्यांना टोमणा मारला होता, की आबा, तुम्हाला राखणीला ठेवलंय का पाहुणचाराला? आबांनी मचाणावरूनच सांगितलं, "पाहुना पोटभर जेवना, का मंग तो चोरी करत नही." तो शेतकरी हसत घरी गेला. पुढच्या वर्षी राखण पुन्हा आबांकडेच होती.

आता त्यांच्या नावाचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. सुपडू हे नाव आपल्याकडे उगाच ठेवत नाहीत. आबांच्या आधी त्यांच्या आईला पाच मुलं झाली. पाचही मुलीच. त्यातली एकही सहा महिन्यांपुढे गेली नाही, काहींचं तर बारसंही झालं नव्हतं. सहावे आबा. ते जन्मले तेव्हा सुईणीनं त्यांना सुपात घातलं, सूप अंगणातून ओढत उकिरड्यापर्यंत नेलं आणि तिथं टाकून आली. मग दुसऱ्या बाजूनं जाऊन उचललं आणि आईच्या दारात उभी राहून विचारलं, की बाई, हे टाकलेलं पोर सापडलंय, घेतेस का? आईनं तिच्या पदरात पसाभर दादर घातली आणि पोर घेतलं. म्हणजे पोर तिचं नाही, परक्याचं. ज्याचा डोळा त्या घरावर होता त्याला कळूच नये, की हेही तिच्याच पोटचं. असं जगवलेलं पोर म्हणून सुपडू.

पण एक बंधन राहिलं. बरडाच्या टोकाला जुनी पांढरी आहे. गाव पूर्वी तिथं होतं. पाणी आटलं म्हणून लोक उठून इकडे खाली आले, पण वस्तीच्या जागेला पांढरीच म्हणतात. पांढऱ्या मातीची उंचवट्याची जागा आहे, खापऱ्या निघतात, एक फुटकं जातं पडलंय. लहान लेकरांना आपण जाळत नाही, पुरतो. इकडे आल्यावरही गावाची लेकरं बरीच वर्षं तिथंच पुरायचे, वर एकेक दगड ठेवायचे. त्या पाचजणीही तिथंच आहेत. आबांच्या आईनं त्यांना समज आल्या आल्या सांगितलं होतं, की पांढरीवर तू पाय ठेवायचा नाही. तू त्यांचा भाऊ आहेस हे त्यांना कळलं, तर त्या तुला खेळायला ठेवून घेतील.

मी आबांबरोबर चालायला लागले ती तुझे काका गेल्यावर. डॉक्टरांनी साखर सांगितली, रोज चाला म्हणाले. एकटी कुठं चालणार? समोरच्या ओसरीवरून आबांनी ऐकलं आणि म्हणाले, "मन्हासंगे चाल." सगळं गाव मला अक्का म्हणतं, तसे तेही म्हणायचे, वयानं पंधरा वर्षांनी मोठे असून. नळावरच्या बायकांना तेवढंच हवं होतं. एकीनं विचारलं, अक्का, पाखरं बघायला जाता का पाखरासंगं जाता? मी म्हटलं, बाई, तुझ्या नवऱ्याला पाठव, तुझ्या तोंडातून सुटून तोही चार पाखरं बघेल. पुन्हा कुणी बोललं नाही.

फाल्गुनातली सकाळ कशी असते, तू पाहिलेली नाहीस. दादर काढून झालेली असते, शेतात नुसती बोटभर धसकटं. लिंबाला मोहोर आलेला, त्याचा कडूगोड वास. बांधावर पळस पेटलेला. तारेवर बसलेला नीळकंठ एकदम वर जातो आणि निळ्या पंखांच्या कोलांट्या घेत खाली येतो, मादीला दाखवायला. चंडोल जमिनीवरून सरळ आभाळात चढतो आणि दिसेनासा होऊन गात राहतो. इथवर सगळं छान, तुझ्या फोटोत असतं तसं.

बरडावर पाय ठेवला की ते सगळं मागे राहतं. तिथं गुडघाभर वाळलेलं गवत, वारा आला की सगळं एकाच बाजूला झुकतं, आणि वारा थांबला तरी जरा वेळ तसंच राहतं. लांब नरडाण्याकडचे दिवे अजून विझलेले नसतात आणि रेल्वेचा आवाज येतो, पण कुठून येतो ते सांगता येत नाही. कधी डावीकडून, कधी पाठीमागून. बरडावर कुणाचं नाव घेऊन हाक मारायची नाही, हा आबांचा नियम. मी मागे राहिले तर ते खाकरायचे. मी उलट खाकरायचे. मग ते पुढे चालायचे. दिवसाढवळ्या, सूर्य हातभर वर आलेला असताना, मला तिथं पाठीमागे बघावंसं वाटायचं, आणि बघायची हिंमत व्हायची नाही.

पांढरीच्या अलीकडे शंभर पावलांवर एक उभा दगड आहे, शिवेचा. आबा तिथं थांबायचे. चपला काढायचे, तोंडाशी दोन्ही हात धरायचे आणि हाक द्यायचे. ती हाक मी तुला करून दाखवणार नाही. सुरुवातीला बारीक, तुटक शीळ, मग चढत जाणारी, भराभर, आणि शेवटी रडून दमलेलं लेकरू हुंदका देतं तशी मोडणारी. हाक देऊन झाली की आबा हात खाली घ्यायचे आणि थांबायचे. बराच वेळ थांबायचे. मला वाटायचं, आता काही येत नाही, चला. आणि तेवढ्यात पांढरीवरून तश्शीच हाक यायची.

तू म्हणशील करवानक. तूच मला फोटो दाखवलास, उंच पायांचं, मोठाल्या पिवळ्या डोळ्यांचं, मातीच्या रंगाचं. दिवसभर दगडासारखं बसून राहतं आणि सांजसकाळी रडतं. असेल. आबांनाही ठाऊक होतं की ते पाखरू असतं. पण पाखरू असलं म्हणून बहीण नसते, असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांच्या लहानपणी आई त्यांना या दगडापर्यंत आणायची आणि ऐकवायची. पाच आवाज यायचे, वेगवेगळ्या बाजूंनी. आई बोटांवर मोजायची. पाच झाले की म्हणायची, आहेत सगळ्या, चल घरी. आबा त्याला हजेरी म्हणायचे. आई गेल्यावर फाल्गुन लागल्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत रोज सकाळी ही हजेरी ते घेत आले. मी जायला लागले तेव्हा तीन आवाज यायचे.

मग दोन झाले. बरडाचा एक तुकडा कुणीतरी नांगरला, कुत्री वाढली, गवत पेटवून द्यायला लागले लोक. एक वर्ष एकच आवाज आला, तोही पाडव्यापर्यंत. आणि गेल्याच्या आदल्या फाल्गुनात एकही नाही.

पहिले आठ दिवस आबा हाक देऊन तसेच परतले. नवव्या दिवशी हाक देऊन ते इतके थांबले, की सावली दगडाच्या दुसऱ्या कडेला गेली. परतताना डोळे उघडेच होते आणि दोनदा ठेचाळले. त्या दिवसापासून जेवण कमी झालं. त्यांची सून सरला, तू ओळखतेस तिला, फटकळ आहे पण सासऱ्याचं सगळं करायची. ती माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, अक्का, पाखरू रडलं नाही म्हणून भाकर सोडलेला माणूस तुम्ही पाहिलाय का कुठं? ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर केली, ठेचा केला, ताटाकडे बघत नाहीत. माणूस असा किती दिवस टिकेल?

खरंच वाळत चालले होते गं. खाटेवर पडून नुसते वाशाकडे बघायचे. एकदा मला म्हणाले, "मी जगनू, म्हनीसन त्या एकल्या पडन्यात." मी जगलो म्हणून त्या एकट्या पडल्या, आणि आता माझ्यावर रुसून गेल्या. म्हणून मी एक गोष्ट केली.

हाक मला येत होती. रोज ऐकून ऐकून आली होती, घरी भांडी घासताना मी बारीक आवाजात काढायचे. होळीच्या दुसऱ्या दिवशी मी सरलाला सांगितलं, की आबांना कसंही करून बरडावर पाठव, माझा गुडघा दुखतोय, मी येत नाही. आणि त्यांच्या आधी अर्धा तास निघून, ओढ्याकडून वळसा घालून मी पांढरीवर गेले. पहिल्यांदाच. फुटक्या जात्यामागे गवतात पालथी पडले. नाकाशी पांढरी माती, तिला राखेसारखा वास. हाताखाली दगड लागला, बाजूला सरकले तर दुसरा. मग लक्षात आलं की हे कसले दगड आहेत. मी मनातल्या मनात त्या लेकरांची माफी मागितली. लांब शिवेच्या दगडापाशी आबा आले, चपला काढल्या, हाक दिली. ते थांबायचे तेवढाच वेळ मीही थांबले. आणि उत्तर दिलं.

आबा खाली बसले. दोन्ही हात जमिनीला लावून बसले. मला एवढ्या लांबूनही दिसलं, की त्यांचे खांदे हलतायत.

त्या दिवशी त्यांनी दीड भाकर खाल्ली. सरला मला सांगायला धावत आली. मी दळण निवडत होते, मान वर केली नाही.

मग रोजचंच झालं. मी आधी जायची, एकदा उत्तर द्यायची, ओढ्याकडून परत यायची. आबा गावात येऊन मला सांगायचे, की अक्का, एक जण परत आली. त्यांचा चेहरा बघून मला बरंही वाटायचं आणि तोंड लपवावंसंही वाटायचं. मेलेल्या लेकराच्या आवाजात मी बोलत होते. पांढरीवर पडल्या पडल्या कधी वाटायचं, माझ्या मागे कुणीतरी असंच पालथं पडलंय आणि मी काय करते ते बघतंय. गवत हलायचं. मी म्हणायचे, ससा असेल.

मधे चार दिवस मी शिरपूरला गेले, तुझ्या ताईकडे. तिचा धाकटा तापानं फणफणला होता. तिथं माझं लक्ष लागेना. आबांना उत्तर नाही मिळालं तर पुन्हा ताट सारतील, हेच डोक्यात. पाचव्या दिवशी परत आले ती बसमधून उतरल्या उतरल्या सरलाला विचारलं. ती म्हणाली, उलट मजेत आहेत, काल तर दूध मागून घेतलं. मला नवल वाटलं. म्हटलं, सवय झाली असेल, चार दिवस गेले निभावून. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा जायला लागले.

पाडवा तीन दिवसांवर आला. एका सकाळी आबा ओसरीवर बसून काठीला तेल लावत होते, मला बोलावलं. म्हणाले, "बहीन बलावस, अक्का. आते नाव लीसन बलावस." मी म्हटलं, नाव घेऊन कोण बोलावेल आबा, शीळच ती. तर मान हलवली. नाव घेऊनच, म्हणाले, आईनं ठेवलेलं. सुपडू नव्हे, दुसरं, जे आईनं फक्त त्यांच्या कानात सांगितलं होतं ते. आणि मग अगदी सहज, बाजाराला जायचं सांगावं तसं म्हणाले, "पाडवाले मी वर जासू."

पोरी, तो माणूस ज्या बंधनावर पंच्याहत्तर वर्षं जगला ते मोडायला निघाला होता, आणि कुणाच्या हाकेनं? माझ्या. मी त्यांना भाकर खायला लावायला गेले, आणि तिकडे बोलावून बसले. खरं असो, खोटं असो, त्यांनी वर पाय ठेवला की ते टिकायचे नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. माणूस मानतो त्यानंच मरतो. त्या क्षणी मी ठरवलं की सांगून टाकायचं. चिडले तर चिडोत, पुन्हा जेवण सोडलं तर पाया पडून भरवू, पण वर जायला नकोत.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "आबा, ती तुमची बहीण नाही. ती मी होते."

काठीवरचा त्यांचा हात थांबला नाही. विचारलं, कधीपासून? मी सांगितलं, होळीच्या दुसऱ्या दिवसापासून. विचारलं, रोज? मी म्हटलं, रोज. जात्यामागे पडून असायचे. तुम्ही जेवावं म्हणून केलं. मला जे बोलायचं ते बोला.

आबांनी तेलाचं बोट काठीवरून शेवटपर्यंत नेलं, मग डोळे मिटले. बरडावर मिटायचे तसे. आणि हळूच म्हणाले,

"तू शिरपूरले गई व्हती. चार दिन."

मी हो म्हटलं.

"त्या चार दिन बी उत्तर उनं. एक नही, दोन. मंग त्या कोन व्हत्यात, अक्का?"

म्हणजे मी नव्हते तेव्हाही उत्तरं आली होती, तीही दोन. आत सरला तांदूळ पाखडत होती, तिच्या सुपाचा आवाज तेवढा येत होता. मी म्हटलं, आबा, खरी पाखरं आली असतील, माझी शीळ ऐकून. जोडी असेल. तर हसले. म्हणाले, तेच तर मी म्हणतो. "तू हाक दिनी, म्हनीसन त्या उन्यात."

मी त्यांना शपथ घालायला गेले, की वर जाणार नाही म्हणा. त्यांनी माझा हात बाजूला केला, रागानं नाही. म्हणाले, "तू इतला दिन वर गई, तुले काय व्हयनं? काहीच नही व्हयनं. मंग मी मन्ह्या सख्ख्या बहिनीसले काय भ्यानं?"

मी परकी बाई, आठ-दहा दिवस त्या मातीत लोळून आले आणि धडधाकट समोर बसले होते. त्यांच्या आईचं भय मीच खोटं करून दाखवलं होतं. सरलाला सगळं सांगितलं. तिनं रात्री कडी आतून लावून समोर अंथरूण घालायला सुरुवात केली.

पाडव्याच्या सकाळी सरला गुढीची काठी धुवायला मागच्या दारी गेली, तेवढ्यात आबा गेले. मला तिनं हाक मारली तेव्हा मी कडुनिंबाचा पाला वाटत होते. हात न धुता आम्ही दोघी निघालो. तिचा नवरा मळ्यात होता. वाटेत सरला रडत होती आणि शिव्या देत होती, थेरड्याला, पाखरांना, मलाही. मी ऐकून घेतलं.

शिवेच्या दगडाशी चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट लावलेल्या. सरला तिथं थांबली, तिचा पाय पुढे पडेना. मी गेले.

आबा पांढरीच्या मधोमध बसले होते, मांडी घालून, उगवतीकडे तोंड. काठी मांडीवर आडवी. डोळे उघडे. मी खाकरले. उलट खाकरणं आलं नाही. जवळ गेले, खांद्याला हात लावला, तर तो जडपणा हाताला कळतोच आपल्या. आणि पोरी, त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर उघड्या मातीत दोन अंडी होती. घरटं नाही, काडी नाही, नुसती मातीवर ठेवलेली, खड्यांसारखी ठिपक्यांची. मी ज्या जागी इतके दिवस पडत होते तिथून चार हातांवर. मला कधी दिसली नव्हती. मी वाकून एकाला बोटाची पाठ लावली. गरम होतं.

म्हणजे पाखरू तिथंच होतं. आत्ता उठून गेलं होतं, किंवा गेलंही नव्हतं. मी चहूकडे बघितलं. गवत, खापऱ्या, ते दगड. एकही दगड हलला नाही. पण त्यातल्या कुणीतरी मला बघत होतं, एवढं नक्की.

लोक म्हणाले, पाडव्याच्या दिवशी गेला, भाग्यवान. डॉक्टर म्हणाले, हृदय. सरला म्हणाली, सुखानं गेले, चेहऱ्यावर कळत होतं. कुणी मला दोष दिला नाही, कारण सरलानं ओठ शिवले. तीही एकदाच बोलली, दहाव्याच्या दिवशी, भांडी आवरताना. म्हणाली, अक्का, तुम्ही नसतं केलं तर ते उपाशी गेले असते. मी म्हटलं, आणि केलं तर? ती पातेलं घासत राहिली.

त्यानंतर मी ती हाक दिलेली नाही. बरडाच्या कडेपर्यंत चालते, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. डोळे मिटून बघितलं एकदा, चार पावलांत पडले. पण गेल्या फाल्गुनापासून काय होतंय ते तुला सांगायचंय, आणि हे मी सरलालाही सांगितलेलं नाही. आता हाक आधी तिकडून येते. मी उभी असते, तोंड बंद, हात पदराखाली. पांढरीवरून शीळ चढते, मोडते, आणि मग सगळं थांबतं. आबा उत्तरासाठी थांबायचे ना, बरोबर तेवढा वेळ थांबतं. मग पुन्हा येते. तीनदा येते. आणि मी उत्तर देत नाही म्हणून चौथ्यांदा येत नाही.

तू शिकलेली आहेस, म्हणशील पाखरं ओरडतातच विणीच्या दिवसांत. मीही स्वतःला तेच सांगते. पण एकटीच्या कानावर किती विश्वास ठेवायचा? मला ते पाखरू अजून एकदाही दिसलेलं नाही. तुझे डोळे तरणे आहेत, तुला त्याची चाल ठाऊक, बसण्याची रीत ठाऊक. माझ्या शेजारी उभी राहा आणि मला बोट करून दाखव, की मावशी, ते बघ, तिथं आहे, त्या दगडाच्या डावीकडे, मान वर करतंय. तू दाखवलंस की मी उत्तर देईन. त्यांना किती दिवस ताटकळत ठेवायचं?

बस यायला अजून वेळ आहे, चहा घे. आणि होळी झाली की रजा टाक. दोन दिवस तरी राहायच्या बोलीनं ये, कपडे घेऊन ये. उशीर करू नकोस, बाई. लवकर ये.